उलटा दवाखाना

मामंजींना घरात बसवत नसे. वय ब्याऐंशी आणि पायाला भिंगरी. सकाळी सहाला नवीन पनवेलच्या आमच्या दोन खोल्यांत त्यांच्या येरझारा सुरू व्हायच्या. गॅलरी, हॉल, स्वयंपाकघर, परत गॅलरी. मी ओट्याशी पोळ्या लाटत असले की पाठीमागून आवाज यायचा, "सूनबाई, हा छज्जा किती आहे ठाऊक आहे? नऊ इंच! नऊ इंचाचा छज्जा म्हणजे पावसाला घरात बसायला पाट मांडलाय." मी म्हणायचे, "मामंजी, पोळी करपतेय." ते म्हणायचे, "करपणारच. खिडकी चुकीच्या बाजूला आहे." आता याच्यावर माणसाने बोलायचं तरी काय!

दर दोन-तीन आठवड्यांनी ते छत्री घेऊन बाहेर पडत आणि चार-पाच तास गायब होत. कुठे गेला होतात म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, "हवा खायला." कसली डोंबलाची हवा! परत यायचे ते धुळीने माखलेले, तोंड एवढंसं झालेलं, आणि त्या दिवशी जेवायचे नाहीत. मी चिडायचे. खरं सांगायचं तर मी त्यांच्यावर सतत चिडलेलीच असायचे, कारण आम्हाला इथे आणून टाकलं होतं त्यांनीच. दादरची चांगली जागा, खाली भाजीबाजार, समोर शाळा. ते सगळं सोडून या माणसाने रिटायर झाल्यावर वीस वर्षांनी हट्टाने नवीन पनवेलचा फॉर्म भरला. सगळ्या गणगोताने वेड्यात काढलं. तेव्हा इथे होतं काय? चिखल, अर्धवट रस्ते, दिवसातून मोजक्या बसगाड्या आणि ओळीने उभ्या केलेल्या आगपेट्या. आयुष्यभर सरकारी इमारती बांधणाऱ्या माणसाने स्वतःला राहायला अशी जागा निवडावी, याचं कारण कुणालाच कळलं नव्हतं. ह्यांना विचारलं तर हे म्हणत, "बाबांना मोकळी हवा आवडते." परत हवाच.

मी पनवेलच्या एका शाळेत गणित शिकवत होते. हे तळोज्याच्या कारखान्यात, पाळी दर आठवड्याला बदलणारी. म्हणजे म्हातारा माणूस सांभाळायचा तो मीच.

तर त्या वर्षी, ऐंशीचं दशक संपता संपता, मुंबईहून त्यांच्या जुन्या ऑफिसातली दोन माणसं आली. दोघंही रिटायर झालेली. येताना पेढे आणले होते. म्हणाली, साहेबांचा आम्ही गौरव अंक काढतोय. इंग्रज सरकारच्या आर्किटेक्टच्या हाताखाली ट्रेसर म्हणून लागलेला मराठी मुलगा शेवटी त्याच आर्किटेक्टच्या खुर्चीवर बसला, हे पुढच्या पोरांना कळायला नको? साहेबांनी फक्त आपली हकिगत लिहून द्यायची. मामंजींनी पेढा हातात घेतला, तो तसाच बशीत ठेवला आणि उठून गॅलरीत गेले. पाहुणे म्हणाले, "किती विनय आहे!" मी कपाळाला हात लावला.

मामंजींचा हात कापायचा, त्यामुळे लिहून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. दोनशे पानी वही आणली. शाळेतून आले की चारला चहा, आणि साडेचारला मामंजी बोलणार, मी लिहिणार. बसून बोलणं त्यांना जमायचंच नाही. ते फिरत फिरत सांगायचे आणि मी मान वळवून वळवून लिहायचे. मानेला रग लागायची. पण कबूल करते, मला मजा यायला लागली होती.

कारण सांगायचे झकास. मॅट्रिक झाल्यावर वडिलांनी कुणाची तरी चिठ्ठी घेऊन ऑफिसात उभं केलं, तिथपासून. त्यांचा साहेब सहा फुटी, लालबुंद. इमारतीपेक्षा तिच्या व्हरांड्यावर जास्त जीव. "या देशात खोली नंतर काढायची, आधी सावली काढायची," असं तो म्हणायचा. मामंजी दिवसा ट्रेसिंग करत, संध्याकाळी कलाशाळेच्या वर्गाला जात. साहेबाबरोबर दौऱ्यावर जाताना लाँचमध्ये बसत, पुढे बैलगाडी. मामलेदाराची कचेरी, तुरुंगाची भिंत, डाक बंगले, दवाखाने. गावात पोचलं की साहेब आधी वारा कुठून येतो ते बघायला मूठभर माती उडवायचा आणि ती नेमकी मामंजींच्या डोळ्यांत जायची. ट्रेसरचे ते ड्राफ्ट्समन झाले. पंचविशी ओलांडली तेव्हा साहेबाने पहिल्यांदा एक अख्खी इमारत त्यांच्यावर सोपवली, पनवेलहून उरणला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावातला छोटा दवाखाना. "संपूर्ण माझा," मामंजी म्हणाले. "एक रेघ साहेबाची नाही." आणि बोलायचे थांबले.

"मग?" मी म्हटलं.

"मग साहेब रजेवर विलायतेला गेला." येरझारा चालू. "आज इथेच थांबू."

दुसऱ्या दिवशीही तिथेच थांबले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, तू लढाईच्या वर्षांपासून पुढे घे, ते मधलं राहू दे. मी चार पानं कोरी सोडून पुढचं घेतलं. असिस्टंट आर्किटेक्ट म्हणून लढाईत बराकी बांधल्या, साहेब कायमचा घरी गेला, खुर्ची मिळाली. पण सांगण्यातली गंमत गेली होती. नुसत्या बढत्या आणि बदल्या. मध्येच म्हणायचे, "कोरी पानं आहेत ना अजून?" मी म्हणायचे, "आहेत." ते म्हणायचे, "असू देत, असू देत," आणि गॅलरीचं दार चार वेळा उघडून बंद करायचे. मुंबईहून अंकासाठी पत्रावर पत्र येत होतं. मी एकदा सरळ म्हटलं, "मामंजी, त्या दवाखान्यात असं झालं तरी काय?" तर मला म्हणाले, "तुझा चहा गार होतोय." चहा संपून अर्धा तास झाला होता!

एका शनिवारी सकाळची शाळा करून आले तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, आजोबा टेप घेऊन गेले. टेप म्हणजे मोजायची, चामड्याच्या डबीतली, त्यांची जुनी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेले दोन दिवस मामंजींच्या अंगात कणकण, औषध चालू, आणि चालले मोजायला! तशीच पनवेलच्या एस.टी. स्टँडवर गेले. कंट्रोलरला वर्णन सांगितलं, तर तो हसला. "छत्रीवाले बाबा ना? उरण गाडी. नेहमीचे आहेत ते. मधेच दवाखान्याच्या थांब्यावर उतरतात."

नेहमीचे! म्हणजे हवा खायचं ठिकाण हे होतं.

मी पुढच्या उरण गाडीत चढले. दवाखाना रस्त्यापासून चार पावलं आत, कौलारू, बसका, काळ्या दगडाच्या जोत्यावर. अजून चालू होता. ऊन कलायला लागलं होतं आणि सगळा पेशंट व्हरांड्याच्या एका कोपऱ्यात अंग चोरून बसला होता, कारण बाकी व्हरांड्यावर ऊन थेट आत येत होतं. खांबांना गोणपाटं बांधली होती, तीही फाटलेली. एक बाई तापलेल्या पोराला पदराने झाकून इकडून तिकडे सरकत होती. आणि आमचे मामंजी त्या उन्हात टेपचं एक टोक कंपाउंडरच्या हातात देऊन व्हरांड्याची रुंदी मोजत होते.

मी सगळ्यांच्या देखत झापलं. अंगात ताप असताना काही अक्कल आहे की नाही, घरात सांगायची पद्धत आहे की नाही, मला काय दुसरे उद्योग नाहीत? कंपाउंडर बिचारा टेपचं टोक धरून तसाच उभा. मामंजींनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आठ फूट. बरोबर आठ फूट बांधलाय. मापात काही चूक नाही. फक्त तो पूर्वेला हवा होता."

"काय?"

"हा व्हरांडा पूर्वेला हवा होता. दुपारी पेशंट सावलीत बसावा, पावसाची झड मागच्या भिंतीवर जावी म्हणून मी पूर्वेला काढला होता. अख्खी इमारत उलटी बांधलीय. आरशात दिसते तशी."

परतीच्या गाडीला पाऊण तास होता. आम्ही पायरीवर बसलो आणि माझ्या वहीतली चार कोरी पानं त्यांनी तिथे भरली. मला लिहायची गरज पडली नाही. ते अजून शब्द न् शब्द आठवतं.

ऑफिसात नकाशा आधी पातळ कापडावर शाईने उतरवायचे. कापड अर्धपारदर्शक, रेघा दोन्ही बाजूंनी सारख्याच दिसायच्या. ते कापड काचेच्या चौकटीत खास कागदावर ठेवून गच्चीवर उन्हात धरायचं, मग कागद पाण्यात धुवायचा, की निळी प्रत तयार. तिला फेरो म्हणत. साहेबाचा एक हट्ट होता. कापडावर अक्षर नको, आकडा नको. त्याला शेवटच्या घटकेपर्यंत बदल सुचत, म्हणून खोल्यांची नावं, मापं, उत्तरेचा बाण, सगळं नंतर प्रत्येक फेरोवर सोड्याच्या पाण्याने पांढऱ्यात लिहायचं. मग कापडाची सुलटी बाजू ओळखायची कशी? तर ज्याने नकाशा उतरवला त्याने सुलट्या बाजूला कोपऱ्यात लाल पेन्सिलीची बारीक फुली करायची. फेरो काढणारा माणूस फुली वर ठेवून चौकट लावायचा. त्याने बाकी काही बघायचं नाही, फुली बघायची.

"मी फुली उलट्या बाजूला केली," मामंजी म्हणाले. "साहेब दुसऱ्या दिवशी बोटीवर चढणार. सह्यांचा गठ्ठा. पहिली स्वतःची इमारत, आणि सगळी घाई. कापड उलटं पडलं होतं आणि मी फुली करून मोकळा झालो."

अक्षरं लिहिणाऱ्याने खोलीचा आकार बघून नाव टाकलं आणि बाण नेहमीसारखा वर काढला. साहेबाने गठ्ठ्यावर सह्या केल्या. ओव्हरसियरने नकाशाबरहुकूम बांधलं. पहिल्या जूनमध्ये जिल्ह्याचा मोठा डॉक्टर तपासणीला आला, व्हरांड्यात छत्री उघडून उभा राहिला, आणि त्याने वरपर्यंत पत्र लिहिलं. साहेब तोवर परत आला होता. त्याने मूळ कापड दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर मागितलं.

"कपाटाची किल्ली माझ्याकडे असायची. ऑफिस सुटल्यावर मी कापड काढून बघितलं. फुली उलट्या बाजूला."

"मग?"

"मी ती खोडली. आणि दुसऱ्या बाजूला केली."

मुलांच्या परीक्षेत असं कुणी केलं तर आम्ही त्याला वर्गाबाहेर काढतो. या माणसाच्या टेबलावरचा टाचणीचा डबासुद्धा कधी वाकडा नसायचा!

सकाळी फेरो काढणाऱ्याला बोलावलं. उरणपलीकडच्या करंजा गावचा कोळी, मामंजींपेक्षा दोनेक वर्षांनी मोठा, त्या रसायनाने बोटं कायमची निळी झालेली. साहेबाने कापड पुढे केलं. फुली जागच्या जागी. त्याने कापड हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं आणि म्हणाला, "माझीच चूक साहेब." त्याच दिवशी त्याला काढलं. जाताना त्याने मामंजींकडे बघितलं.

"कसं बघितलं?" मी विचारलं.

"त्याला आठवत होतं. त्याने फुली बघूनच चौकट लावली होती, हे त्याला माहीत होतं. तो बोलला नाही, एवढंच. पन्नास वर्षं मी धरून चाललोय की तो मला रोज शिव्या देत असेल. दिल्याच पाहिजेत. पुढच्याच महिन्यात मी असिस्टंट झालो."

गाडी आली. गाडीत मी त्यांच्या शेजारी बसले नाही, पुढच्या सीटवर बसले. दोन दिवस बोललेही नाही. ताट वाढायचे, औषध ठेवायचे, आणि वळायचे. मला राग नेमका कशाचा आला होता ते सांगता येत नाही. चुकीचा नाही, चूक कुणाची होत नाही? त्या खोडरबराचा. शाळेत फळा पुसतानासुद्धा तेच डोळ्यांपुढे येई. ह्यांना मी काही सांगितलं नाही. बापाबद्दल असलं कसं सांगणार?

तिसऱ्या दिवशी मामंजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "नवीन पनवेलला घर का घेतलं, तुला सारखं वाटतं ना? करंजा जवळ पडावं म्हणून. म्हटलं, इथून एकदा जाऊन सांगून येईन. सहा वर्षं झाली. दर वेळी उरण गाडीत बसतो, पूर्ण तिकीट काढतो, आणि दवाखाना आला की उतरतो. पुढे जायचा धीरच होत नाही." मग म्हणाले, "तो चौऱ्याऐंशीचा असेल. मी ब्याऐंशीचा. आता नाही सांगितलं तर राहिलंच ते."

मी म्हटलं, "आणि त्याने तोंडात मारली तर?"

"तर बरं होईल."

झालं! दुसऱ्याच दिवशी मी शाळेत रजा टाकली. निघताना बघते तर मामंजींनी कोट घातलेला, तोही जुना ऑफिसचा. मी म्हटलं, कोट कशाला, उकडेल. म्हणाले, "कामाला चाललोय." गाडीत त्यांना एक क्षण स्वस्थता नव्हती. खिडकी वर कर, खाली कर, तिकीट या खिशातून त्या खिशात. दवाखान्याचा थांबा आला तेव्हा त्यांचा हात समोरच्या दांडीवर गेला. मी तो धरून खाली घेतला. "बसा," मी म्हटलं, "आज बसा." गाडी सुटेपर्यंत मी हात सोडला नाही.

करंजाला पोचलो तेव्हा बंदरावर बोटी लागल्या होत्या आणि लिलावाचा गलका चालला होता. आम्ही नाव सांगूनही काही उपयोग झाला नाही, त्या नावाची तिथे पाच माणसं निघाली. मग जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्याला मामंजी म्हणाले, "मुंबईला सरकारी कचेरीत होता. बोटं निळी होती त्याची."

"निल्या बोटांचा?" म्हाताऱ्याने वर बघितलं. "तो जाऊन पंदरा-सोला वर्सा झाली की. घर हाय त्याचा. ती बगा, बोंबील घालते ना, ती त्याचीच पोर."

मामंजी शेजारच्या पालथ्या खोक्यावर बसले. मला वाटलं, संपलं आता. म्हटलं, "चला मामंजी, परत जाऊ." त्यांनी कोटाची बटणं लावली. मग म्हणाले, "घर आहे म्हणाला ना तो?" आणि उठले.

पोर म्हणजे पंचावन्न वर्षांची बाई, बांबूच्या मांडवावर बोंबील टांगत होती. "कुठशी आलाव?" तिने विचारलं. मामंजी म्हणाले, "तुझ्या वडिलांबरोबर मी कामाला होतो. मुंबईच्या ऑफिसात." एवढं ऐकल्यावर तिला काय आनंद झाला म्हणून सांगू! हात पुसले, आतून खुर्ची आणली, शेजारणीला हाक मारून सांगितलं, बापसाच्या कचेरीतला सायब आलाय. मला लाजेने कुठे बघावं कळेना.

"बापूस लय सांगाचा कचेरीचा," ती म्हणाली. "मोटा सायब देवमानूस व्हता, म्हनाचा. माजीच चूक झाली, म्हनाचा, सायबाचा दवाखाना मी उलटा केला."

मामंजी म्हणाले, "असं म्हणायचा?"

"मराच्या दिसापरत. त्याचा इस्वासच उरला नाय सोताच्या डोल्यांवर. म्हनाचा, मना उलटा-सुलटा समजत नाय. काय बी हातात दिला का आदी फिरवून बगाचा. कागूद, पत्रिका, आमच्या शालंची पाटी. एवरा मोटा खलाशी, बोट चालवाला दिली तर नको म्हनाला. डावा-उजवा चुकंल, मानसा बुडतील, म्हनाचा. चाकरच रायला दुसऱ्याच्या बोटीवर."

मी मामंजींकडे बघितलं नाही. माझ्याच्याने बघवलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर त्या त्यांनी घेतल्या असत्या, त्यांचीच तर तयारी करून आले होते ते. त्या माणसाला काही आठवत नव्हतं. त्याने कापड हातात घेतलं, फुली जागेवर बघितली, आणि विश्वास ठेवला, फुलीवर. आणि जाताना बघितलं ते बहुधा नुसता निरोप घ्यायला.

मामंजी खुर्चीवरून उठले. ऑफिसात साहेबापुढे बोलावं तसं सरळ उभं राहून त्यांनी त्या बाईला सगळं सांगितलं. फुली म्हणजे काय, ती कुठे केली होती, कधी खोडली. एक शब्द गाळला नाही. तिच्या हातातले बोंबील हातातच राहिले. शेजारीण दोन पावलं पुढे आली होती, ती तिथेच थांबली. बाईने हातातले बोंबील टोपलीत टाकले. मला वाटलं, आता हाकलून देणार, आणि दिलंच पाहिजे.

"मना कशाला सांगतंस?" ती शेवटी म्हणाली. तुमीचा तू झाला होता. "आय हाय आत. तिला सांग. तिला ऐकू येत नाय, जोरान् बोल."

आत खाटेवर म्हातारी बसली होती. सुपारीएवढी झालेली, डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा. मामंजी वाकून म्हणाले, "मी मुंबईच्या ऑफिसातला." म्हातारी म्हणाली, "डाक्टर आला काय?" लेक तिच्या कानाशी ओरडली, "डाक्टर नाय, कचेरीतला सायब!" दारात माणसं जमली होती. दोन बायका, जाळंवाला म्हातारा, बंदरावरून आलेले तिघे-चौघे. मामंजी पुन्हा बोलले. म्हातारी म्हणाली, "कसली फुली?" मामंजींनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी बोलू शकले असते, माझा वर्गातला आवाज आहे, गल्लीच्या टोकापर्यंत गेला असता. मी गप्प राहिले. हे त्यांचं त्यांनीच सांगायचं होतं.

मग आमचे मामंजी, ज्यांचा आवाज चढलेला मी लग्नानंतरच्या पंधरा वर्षांत ऐकला नव्हता, ते ओरडले. "त्यांची चूक नव्हती! माझी होती! मी खोडली! ते निर्दोष होते!" घर लहान, पत्र्याचं. आवाज घुमला. दारातली माणसं हलायची थांबली.

म्हातारीला पोचलं. लेकीने तिच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हातारी खाली मान घालून, आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मंग त्याला का नाय सांगितलास?"

मामंजी म्हणाले, "मला बढती मिळायची होती."

"आं?"

"मला बढती मिळायची होती!"

म्हातारीने यावर विचार केला. रागावलेली दिसत नव्हती. बाजारात भाव विचारावा तसं तिने विचारलं, "मिलाली?"

मामंजींनी मान हलवली. पण तिला ते दिसलं नाही. ती उत्तराची वाट बघत कान पुढे करून बसून राहिली, आणि दारात सगळी माणसं उभी होती, म्हणून तेही त्यांना ओरडूनच सांगावं लागलं.

"मिळाली!"